रायपूर, एक वीत

आमच्या घरात नागपूर ते रायपूर हे अंतर एक वीत होतं. हसू नका. कोणी मैलांत मोजतं, कोणी तिकिटात मोजतं. आम्ही विणकर माणसं, आम्ही कापडात मोजलं. आणि त्या मोजण्यानं आमचं असं वाटोळं केलं, की आजही कोणी माझ्यासमोर "अहो, विमानानं काय, तासाभराचं तर आहे" म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणणाऱ्या बिचाऱ्याला कळत नाही, ही म्हातारी एवढी फणकारली कशाला.

इतवारीच्या पलीकडे विणकरांच्या वस्तीत आमचं घर. घर कसलं, पुढच्या खोलीत बाबांचा माग आणि मागच्या खोलीत आम्ही. माग जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेला. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसत आणि धोटा इकडून तिकडं फेकत राहत. खटक, खटक, दिवसभर तेच. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे बाबाच आमची आई होते. मी आणि माझी थोरली बहीण. ताई बाबांच्या उजव्या हाताशी बसून धोट्यात घालायच्या कांड्या सुतानं भरायची. बाबांनी हात पुढं करायच्या आत कांडी त्यांच्या हातात पडलेली असायची. मी आळशी. मला शाळेत घातलं, कारण घरात माझा काही उपयोग नव्हता.

ताई लग्नाची झाली तेव्हा बाबांचं एकच म्हणणं, पोरगी नागपुरातच द्यायची. फार तर उमरेड, फार तर काटोल. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता आलं पाहिजे. तेवढ्यात शेठनं रायपूरचं स्थळ आणलं. शेठ म्हणजे इतवारीतला कापडाचा व्यापारी, बाबा त्याच्यासाठी विणत. मुलगा चांगला, राइस मिलमध्ये नोकरी, घरात फक्त म्हातारी आई, हुंडा नाही. पण रायपूर! बाबा नाही म्हणाले. शेठ नुकताच कामासाठी विमानानं रायपूरला जाऊन आला होता आणि त्या एका फेरीवर सबंध महिनाभर बोलत होता. म्हणाला, "अरे भाई, रायपूर काय दूर आहे काय? मी बसलो, चहा पिला, अन् खाली उतरलो. एक घंटा. तू इकडं मागावर बसून आहे, तवर पोरगी तिकडं दिसते तुले."

बोलणाऱ्याचं काय जातं! बाबांनी आयुष्यात विमान खालूनच पाहिलं होतं. पण शेठ खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. सोनेगावहून रायपूरकडं जाणारं विमान आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी आमच्या कवेलूंच्या छपरावरून घरघरत जायचं. आम्ही त्याच्याकडं कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या बोलण्यानंतरच्या एका सकाळी विमान आलं, तसं बाबांनी मागावरच्या कापडावर अंगठा टेकवला आणि पुढं विणायला सुरुवात केली. शेठचा घंटा म्हणजे किती, ते बाबांना घड्याळात नाही, हातात ठाऊक होतं. घंट्याभरात ते एक वीत विणत. वीत पुरी झाली तसा धोटा थांबवून त्यांनी ताईला हाक मारली. पंजा ताणून कापडावर ठेवला.

"हे पाह्य," ते म्हणाले. "अंगठ्यापाशी नागपूर. करंगळीपाशी तू. एवढंच आहे."

ताई रडत होती. तरी हसली. "एवढंच?"

"एवढंच वं. एक वीत."

आणि त्या वितीवर माझ्या बहिणीचं लग्न झालं.

लग्नानंतर विमान आलं की बाबा कापडावर बोट टेकवत, वीत झाली की "पोचलं" म्हणत. जेवताना, बोलताना, पाहुण्यांत, कुठंही. "पोचलं." आता ताईच्या डोक्यावरून गेलं असेल, तिनं वर पाहिलं असेल, असं काहीबाही सांगत. वस्तीतली माणसं चेष्टा करत, "काय गा, आज उतरलं का तुझं विमान?" बाबा खूष होत. मी कांड्या भरायला बसू लागले होते, मला त्याचा राग यायचा, कारण त्या "पोचलं"नंतर दोन मिनिटांनी ते हात पुढं करायचे आणि माझी कांडी तयार नसायची. "तुझी ताई असती तर!" असं मला ऐकावं लागायचं.

खरं सांगू का? लग्नाच्या आधी बाबा ताईवाचून एक दिवस राहत नव्हते. लग्नानंतर सगळी मिळून एकदा रायपूरला गेले. गाडीचं तिकीट काही आभाळाला टेकलेलं नव्हतं. पण जायला निघाले की म्हणायचे, हे कापड उतरू दे, मग जातो, ती कुठं पळून चालली, एका वितीवर तर आहे. गोंदिया, डोंगरगड, दुर्ग अशी सगळी वाट पार करत जाणाऱ्या गाडीचं अंतर त्यांच्या डोक्यातून पुसलंच गेलं होतं. एका वितीवरच्या माणसाला भेटायला कोण कशाला जातो?

दुसऱ्या वर्षी ताईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. सातव्यात ओटी भरून तिला घेऊन यायचं ठरलं. बाबांनी त्या ओटीसाठी हिरवं लुगडं मागावर घेतलं. शेठचं काम बाजूला ठेवून घेतलं, हे विशेष. लाल काठ, आणि पदर असा भरगच्च की शेठ पाहून म्हणाला, "हे मले दे, पोरीले दुसरं वीण." बाबांनी त्याला हाकलून दिलं. नऊवारी लुगडं, त्यात बाबांची हौस. चुकल्यासारखं वाटलं की उसवायचे आणि पुन्हा विणायचे.

तिकडून एका ओळखीच्या माणसाकडून निरोप आला, ताईचे पाय सुजून राहिले आहेत, डोकं दुखतं, बाबांना लवकर न्यायला या म्हणावं. बाबा म्हणाले, "पहिलटकरणीचे पाय सुजतात. पदर झाला का निघतोच." मी तेव्हा मॅट्रिकला होते, मला काय अक्कल? मलाही वाटलं, पदर तेवढा होऊ दे.

दीड हात पदर राहिला होता, तेव्हा तार आली.

भर उन्हाळा, दुपार टळलेली. तारवाल्यानं सायकल टेकवली, कागद दिला आणि पाणीसुद्धा न मागता निघून गेला. मी वाचली. "मुलगी सीरियस. ताबडतोब निघा." जावयानं केली होती.

आता तुम्हाला सांगावं लागेल की त्या काळी तार म्हणजे काय होतं. मेल्याची तार कोणी "मेली" म्हणून करत नसे. माणूस गेलं की "सीरियस आहे, निघा" असंच लिहायचं, म्हणजे घरच्यांनी वाटेत हाय खाऊ नये. आमच्या वस्तीत अशा जेवढ्या तारा आल्या त्या सगळ्या मढ्याच्या होत्या. कन्हानच्या मामाची तशीच, शेजारच्या काकूच्या भावाची तशीच. त्यामुळे माझ्या तोंडून "सीरियस" निघालं मात्र, शेजारची काकू दारातच बसली आणि तिनं गळा काढला. बाया गोळा झाल्या. ताई गेली हे कोणी कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं.

शेठच्या दुकानात फोन होता. तिकडून ट्रंक कॉल लावता आला असता. पण गेलेल्या माणसाची चौकशी काय करायची? ते कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

बाबा रडले नाहीत. खड्ड्यात पाय सोडून तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "लुगडं लागंल."

लुगडं लागणार होतंच. सवाष्ण गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात, हिरवं. ते पोचेपर्यंत प्रेत उचलत नाहीत. काकू डोळे पुसत म्हणाली, "संध्याकाळची गाडी आहे गा. मी बजारातून हिरवं लुगडं घेऊन येते, तू पोरीले घेऊन टेशनावर जा."

बाबांनी तिच्याकडं असं पाहिलं, की ती दोन पावलं मागं सरली. "माझ्या पोरीच्या अंगावर बजारातलं? लोकाच्या मागावरलं?"

"मंग हेच काप," मी म्हणाले. "आहे तेवढं पुरे."

"बिनपदराचं? बिनपदराचं नेसवून धाडू तिले?" ते ओरडले. आयुष्यात माझ्यावर एवढे ओरडले नव्हते. "गाडी जाऊ दे. सकाळी विमान आहे. मी हे पुरं करतो अन् सकाळी निघतो. एका वितीचं काम."

बघा. विमान नसतं तर काय झालं असतं? त्यांनी आदळआपट केली असती, काकूनं आणलेलं लुगडं काखेत मारलं असतं आणि संध्याकाळच्या गाडीत बसले असते. दुसरा रस्ताच नव्हता. पण डोक्यावरून जाणारं ते मेलं विमान होतं ना! त्यानं बाबांना दोन्ही देऊ केलं, पदरही आणि पोरगीही.

आईची सोन्याची पोत मी डब्यातून काढून शेठकडं नेली. त्याच्या माणसानं तिकिटं आणली, बाबांचं आणि माझं. बाबांचे डोळे तेव्हाच अधू झाले होते, त्यांना एकटं सोडणं शक्य नव्हतं. शेठ संध्याकाळी आला, दारात उभा राहिला. एरवी ज्याची जीभ टाळ्याला लागत नसे, तो एक शब्द न बोलता गेला.

आणि घरात माग चालू होता. अंगणात बाया रडत होत्या आणि आत खटक, खटक. लोक म्हणाले, ह्याचं डोकं फिरलं. मी हिरव्या सुताच्या कांड्या भरत होते. त्या दिवशी एकदाही बाबांचा हात पुढं येऊन रिकामा राहिला नाही. माझे डोळे इतके वाहत होते की सूत दिसत नव्हतं, बोटांनीच भरत होते. दिवे लागून गेल्यावर पदर पुरा झाला. बाबांनी लुगडं मागावरून उतरवलं, घडी केली आणि तेच उशाशी घेऊन पडले.

सोनेगाव आमच्या घरापासून केवढं लांब आहे ते मला त्या सकाळी कळलं. शेठनं जमिनीवरच्या अंतराचं कधी काही सांगितलंच नव्हतं. विमानात एका मुलीनं ताटलीत गोळ्या आणल्या. बाबांनी हात लावला नाही, कारण दोन्ही हातांत लुगड्याचं गाठोडं होतं. बाहेरही पाहिलं नाही. एकदा फक्त खुर्चीच्या कापडावरून बोट फिरवून म्हणाले, "गिरणीचं आहे." मग गाठोडं मांडीवर ठेवून त्यांनी गुडघ्यावर अंगठा टेकवला. मी पाहत होते. त्यांचा दुसरा हात हवेत हळूहळू चालत होता, धोटा फेकल्यासारखा. विमान रायपूरला टेकलं तेव्हा त्यांनी पंजा गुडघ्यावर ताणला.

"बरोबर एक वीत," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान आलं. खरंच आलं, मी पाहिलं. हिशेब जुळल्यावर माणसाच्या तोंडावर येतं तसं. मग त्यांना आठवलं आपण कशाला आलो आहोत, आणि ते समाधान कुठं ठेवावं ते त्यांना कळेना.

विमान अगदी वेळेवर पोचलं. कुठं काही बिघडलं नाही, ढग नाही, वारा नाही. मला अजून वाटतं, बिघडलं असतं तर बरं झालं असतं. शिव्या घालायला काहीतरी हाताशी आलं असतं.

ताईच्या घरापुढं माणसं बसली होती. जावई उठून पुढं आला. रात्रभर जागा असावा, डोळे लाल. बाबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, तुमी गाडीनं काहून नाई आले?"



"पहाटे मी टेशनावर होतो तुमाले आणायले," तो म्हणाला. "तिनंच धाडलं. रातभर झटके येऊन राहिले होते, पण मधात शुद्धीवर यायची अन् म्हणायची, आता बाबा गाडीत बसला असंल, आता डोंगरगड आलं असंल. मी एकटाच परत आलो. तिनं माझ्या मागं पाहिलं. तुमी नोते. मंग उन्हं आली अन् ती गेली."

मी किंचाळले, "मग तार तशी काहून केली? सीरियस काहून लिहिलं?"

"सीरियस होती, सीरियस लिहिलं," तो गोंधळून म्हणाला. "अन् कसं लिहू? तुमाले काय वाटलं?"

तेवढ्यात ताईची सासू आतून आली. भली बाई होती, तिच्या मनात काही नव्हतं. तिची नजर बाबांच्या हातातल्या गाठोड्यावर गेली. हिरव्या लुगड्याचा लाल काठ बाहेर आला होता.

"लुगडं घेऊनच आले?" ती म्हणाली. "इतक्यात कसं काय आणलं?"

बाबांनी गाठोडं छातीशी आवळून धरलं. मी ते त्यांच्या हातांतून सोडवून घेतलं. सोपं नव्हतं, बोटं एकेक करून उकलावी लागली.

आम्ही बायकांनी ताईला नेसवलं. तिचे पाय इतके सुजले होते की पैंजण काढता आले नाहीत. नव्या सुताला खळीचा वास येत होता. पोटावरून निऱ्या नीट बसत नव्हत्या, ते मूलही तिच्याबरोबरच गेलं होतं. सासू रडत रडत मला सांगत होती, "विमान आलं का काम सोडून अंगणात जायची. म्हणायची, माझ्या बाबाची एक वीत झाली." पदर खांद्यावरून खाली सोडला तेव्हा बाया पाहत राहिल्या. असा पदर त्यांनी पाहिला नव्हता. एक म्हणाली, "काय सुरेख विणलं गं!" मला तिचं तोंड धरून बाहेर हाकलावंसं वाटलं.

मला कोणाचा राग आला होता? शेठचा आला. जावयाचा आला, एक शब्द जास्तीचा टाकला असता, "जिवंत आहे" एवढंच, तर? त्या तारेच्या रिवाजाचा आला, ज्यानं खऱ्याला खोटं करून ठेवलं होतं. आणि बाबांचा आला. हो, बाबांचाही आला. ते म्हातारे झाले, गेले, पण तो राग माझ्यात तसाच आहे आणि त्याच्या शेजारी त्यांची माया आहे. दोन्ही एकाच ताटात जेवतात.

परत येताना आम्ही गाडीनं आलो. एकामागं एक स्टेशनं येत होती आणि प्रत्येक स्टेशनाची पाटी ते खिडकीतून वाचायचा प्रयत्न करत होते, न दिसणाऱ्या डोळ्यांनी. मला विचारत, "हे कोणतं?" मी सांगत होते. गोंदिया. तुमसर. भंडारा रोड. कन्हानचा पूल आला तेव्हा म्हणाले, "केवढं दूर आहे वं हे."

मी म्हणाले, "हो गा."

"मी पदर विणत होतो तवा ती जित्ती होती."

तुला काय ठाऊक होतं, असं म्हणायला हवं होतं, सगळ्यांनी नंतर तेच म्हटलं. पण ज्या माणसानं जिवंत पोरीचं शेवटचं लुगडं विणलं, त्याला ते म्हणून काय मिळणार?

सुतक फिटलं आणि बाबा पुन्हा मागावर बसले. पोट कोणाला थांबतं? मी शाळा सोडली आणि ताईच्या जागेवर कायमची बसले. पहिल्याच सकाळी विमान आलं. बाबांनी कापडावर बोट टेकवलं नाही. त्यांनी धोटा खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिले. घरघर लांब गेली, विरली, तरी बसूनच. जेवढ्या वेळात एक वीत कापड झालं असतं, तेवढा वेळ त्यांनी धोट्याला हात लावला नाही. मग उचलला आणि जिथून सोडलं होतं तिथून पुढं विणू लागले.

पुढं कित्येक वर्षं, डोळे पार जाईपर्यंत, विमानाच्या दिवशी त्यांचा हा नेम होता. शेठ कुरकुरायचा, कापड कमी पडतं म्हणायचा. वस्तीतल्या कोणी पुन्हा चेष्टा केली नाही. मी मात्र एकदा चिडले. कांडी भरून तयार होती, सणाचं काम अंगावर होतं आणि हे आपले हात बांधून बसलेले.

"बाबा, काहून थांबला गा?" मी म्हणाले. "वीण न!"

त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. कान वर लागलेले होते.

"थांब वं," ते म्हणाले. "ती वाट पाहून राहिली. पोचू दे मले."